खिशातली जुनी ६×१५ जपानी दुर्बीण: बरीच वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्याकडच्या दुर्बिणींमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाते ती ही. कपाटात ८×३० आहे, १०×५० पण आहे, दोन्ही हिच्यापेक्षा जास्त उजेड देतात, जास्त जवळ आणतात, पण बाहेर पडताना हात जातो तो या छोटीकडेच कारण ही शर्टाच्या खिशात मावते आणि त्या दोघी मावत नाहीत. आणि जुनी आहे म्हणून लाडाने ठेवलीये असंही नाही, रोज वापरायची वस्तू म्हणून ठेवलीये आणि तसंच तिच्याबद्दल लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते. जपानी बनावट, साधारण १९५०-६० च्या काळातली, ६×१५, म्हणजे सहापट जवळ दाखवणारी आणि पुढची भिंगं १५ मिलिमीटरची. पूर्ण धातूची बॉडी, वर काळं खरखरीत लेदरेट (नकली चामडं), कडांना क्रोम, मधोमध फोकसचं चाक. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, रुंदी तळहाताएवढी आणि लांबी जेमतेम तीन बोटं. वर कोरलेलं नाव कुठल्यातरी आयात करणाऱ्याचं आहे आणि त्या नावाला काही अर्थ नाही, कारण त्या काळात जपानमधल्या कितीतरी छोट्या कारखान्यांनी अशा दुर्बिणी बनवल्या आणि बाहेरच्या विक्रेत्यांनी त्यावर आपापली नावं घालून विकल्या. त्यामुळे एकच दुर्बीण पाच नावांनी सापडते. नावापेक्षा बारीक अक्षरात 'जेबी' आणि पुढे आकडा दिसतो का ते बघा, तो बॉडी बनवणाऱ्या कारखान्याचा कोड असतो. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आणि १९५२ च्या आतली, कारण त्या वर्षी तिथला दोस्तराष्ट्रांचा ताबा संपला.

हा आकार मुळात कुठून आला तर निप्पोन कोगाकूकडून, म्हणजे आजची निकॉन. कंपनी १९१७ ची, आणि १९२१ मध्ये त्यांनी मिक्रॉन नावाची ४ पट आणि ६ पट अशी छोटी प्रिझम दुर्बीण काढली, डिझाइनपासून सगळं स्वतःचं. ती इतकी जमून गेली की पुढे कित्येक दशकं बाकीचे कारखाने त्याच धर्तीवर बनवत राहिले, आणि निकॉननेही तोच आकार नंतर परत बाजारात आणला. हिच्या आतले पोरो प्रिझम, म्हणजे उलटं पडणारं चित्र सरळ करणारे काचेचे तुकडे, तर त्याहून कितीतरी जुने, इग्नाझिओ पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेले, आणि चांगल्या काचेअभावी ती कल्पना नीट दुर्बिणीत उतरायला १८९४ उजाडलं, तेव्हा झाइस या जर्मन कंपनीने तिथल्या अर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञाच्या कामावर आपली प्रिझम दुर्बीण काढली. म्हणजे खिशात जी वस्तू घेऊन फिरतोय तिच्या आतली युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि आजही तितकीच चोख काम करते, मला याचं खरंच कौतुक वाटतं.

आता दिसतं कसं. मधला भाग मस्त शार्प आहे. घार आकाशात फिरत असेल तर शेपटीची खाच, पंखाच्या टोकाची वेगळी झालेली पिसं, मान वळवून खाली बघणं, हे सगळं स्वच्छ दिसतं. कडेला जाता जाता चित्र मऊ होतं आणि शेवटच्या पट्ट्यात सरळ रेषा थोडी वाकते, पण पाखरू बघताना आपण ते मधोमधच आणतो त्यामुळे मला त्याचा त्रास कधी वाटला नाही. फील्ड ८ डिग्री, म्हणजे हजार मीटरवर साधारण १४० मीटरचा पट्टा एका वेळी दिसतो. जुन्या दुर्बिणींवर हे बऱ्याचदा हजार यार्डांवर ४२० फूट असं लिहिलेलं असतं, तेही ८ डिग्रीच, फुटाच्या आकड्याला साडेबावन्नने भागायचं की डिग्री मिळतात. डोळ्याला मात्र ते चित्र फार ऐसपैस वाटत नाही, कडेचा काळा गोल जाणवतो, कारण सहा गुणिले आठ म्हणजे ४८ डिग्रीच डोळ्यासमोर पसरतात आणि मोठ्या वाइड अँगलची सवय असलेल्याला ते कमी वाटणार.

सहापट ऐकून बरेच जण नाक मुरडतात, दहापट बारापट पाहिजे म्हणतात, आणि याच एका गोष्टीवर मला जरा जास्त बोलायचंय. दुर्बीण जितकी पट मोठं दाखवते तितकीच पट हाताची थरथर पण मोठी करते. एवढी हलकी वस्तू हातात असताना दहापट म्हणजे चित्र सतत नाचत राहतं आणि त्या नाचण्यात बारकावे निघून जातात. सहापटीला ते शांत राहतं, चालून दम लागलेला असला तरी. दुसरं म्हणजे फोकसची खोली. ही पटीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात कमी होते, सहाचा वर्ग ३६ आणि दहाचा १००, म्हणजे ६ पटीला जवळजवळ तिप्पट खोली मिळते. प्रत्यक्षात काय होतं तर चाक एकदा लावलं की जरा लांबचं सगळं तसंच स्पष्ट राहतं, फांदीवरून फांदीवर उडणाऱ्या चिमणीमागे चाक फिरवत बसावं लागत नाही. ज्याला पटकन काढून पटकन बघायचंय त्याच्यासाठी हे सोनं आहे. आणि दोन-तीन मीटरवरचं पण फोकस होतं, त्यामुळे फुलपाखरं, म्युझियममधल्या काचेमागच्या वस्तूंवरची नक्षी, नाटकात मागच्या रांगेतून नटाचा चेहरा, या सगळ्याला ही चालते.

उजेडाचं गणित मात्र आधीच समजून घ्या म्हणजे नंतर निराशा नको. पुढचं भिंग १५, भागिले ६, म्हणजे डोळ्यात शिरणारी प्रकाशाची चकती अडीच मिलिमीटरची. भर दिवसा आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर असते, त्यामुळे दिवसा काही कमी पडत नाही, चित्र अगदी लख्ख असतं. पण संध्याकाळी बाहुली उघडायला लागली की दुर्बीण तितकं देऊ शकत नाही आणि झाडाखालची सावली आधी काळी होते. ८×२० आणि १०×२५ या दोघांची पण चकती अडीचचीच येते बरं का, तेव्हा आकडे मोठे दिसले म्हणून संध्याकाळी जास्त उजेड मिळेल अशा भ्रमात राहू नका.

याच्यावर अजून एक गोष्ट परिणाम करते ती म्हणजे कोटिंग, काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर काही न लावता साधारण ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. अशा दुर्बिणीत एका बाजूला पुढचं भिंग, दोन प्रिझम आणि आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, मिळून सहज दहा पृष्ठभाग होतात, म्हणजे विनाकोटिंगच्या दुर्बिणीतून शेवटी ६०-६५ टक्केच प्रकाश पोचतो आणि परत फिरलेला आतल्या आत भटकून चित्रावर पांढुरका पडदा टाकतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये कोटिंगचं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर ते सर्रास झालं. साध्या एका थराने नुकसान प्रत्येकी दीड टक्क्यावर येतं, म्हणजे तीच दुर्बीण ८५ टक्क्यांपर्यंत जाते. ओळखायचं कसं? भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पांढरं शुभ्र दिसलं तर कोटिंग नाही, निळसर-जांभळट दिसलं तर आहे. पुढून आणि मागून दोन्हीकडून बघा आणि आतली प्रतिबिंबं पण मोजा, कारण स्वस्तातल्या दुर्बिणींमध्ये फक्त बाहेरच्या भिंगांना कोटिंग असायचं आणि प्रिझम कोरडे. माझीला आतपर्यंत निळसर दिसतं आणि उजेडाकडे तोंड करून बघताना तो फरक चांगला जाणवतो.

खिशातल्या जुन्या दुर्बिणींमध्ये दुसरी जात म्हणजे दोन बिजागऱ्यांच्या, दोन्ही नळ्या आत दुमडून अगदी चपट्या होणाऱ्या. १९६० चं दशक संपता संपता झाइसने अशी ८×२० काढली, मग लाइट्झ या जर्मन कंपनीचीही ट्रिनोविड ८×२० आली, आणि घडण म्हणाल तर दोन्ही हातात घेऊन बघाव्यात अशाच आहेत. पण यांच्यात रूफ प्रिझम, म्हणजे छपरासारखी कड असलेला प्रिझम, असतो आणि जुन्या रूफ प्रिझमची एक अडचण आहे. तो प्रकाशाचे दोन भाग करून परत जोडतो आणि त्या जोडण्यात लाटांची फेज, म्हणजे चढउताराची वेळ, जुळत नाही, त्यामुळे बारीक रेषांचा कॉन्ट्रास्ट मरतो. त्यावरचा इलाज, म्हणजे फेज कोटिंग, झाइसने १९८८ मध्ये आणला, त्याआधीच्या कुठल्याच रूफ दुर्बिणीत तो नाही. शिवाय या छोट्या रूफ प्रिझमच्या एका बाजूला आरशासारखा मुलामा द्यावाच लागतो आणि तोही थोडा प्रकाश खातो. पोरोमध्ये हे दोन्ही लफडे नाहीत, सगळं परावर्तन काचेच्या आतच पूर्ण होतं. म्हणून जुनी आणि छोटी असं दोन्ही पाहिजे असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पोरो घ्या, साध्या जपानी कारखान्याची असली तरी. खिसा जरा मोठा असेल तर उलट्या पोरोची, म्हणजे पुढची भिंगं आयपीसपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ बसवलेली, बुशनेल कस्टम कॉम्पॅक्ट ७×२६ पण शोधा. ३.७ मिलिमीटरची चकती मिळते आणि संध्याकाळचा अर्धा तास तरी जास्त हाताशी येतो, पक्षी बघणाऱ्यांमध्ये ती उगाच इतकी वर्षं नावाजलेली नाहीये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घेणारे नेमकं हेच बघत नाहीत. क्रोम चकचकीत आहे का, लेदरेट सुटलंय का, मूळ केस आहे का हे सगळे बघतात, पण दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी बघतात का हे कोणी बघत नाही. याला कॉलिमेशन म्हणतात. दुर्बीण कधीतरी पडलेली असते, आतला प्रिझम केसभर सरकलेला असतो, बाहेरून खरचटलेलं पण दिसत नाही. आपले डोळे फार सोशिक असतात, दोन वेगळी चित्रं ओढून ताणून एक करतात, म्हणून दुकानात मिनिटभर बघितलं तर सगळं ठीक वाटतं आणि घरी वीस मिनिटांनी कपाळ दुखायला लागतं. तपासायची पद्धत अशी. लांबची एखादी आडवी रेष धरा, छपराची कड किंवा विजेची तार, आणि दुर्बिणीतून बघत बघत ती हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या, पाच-सहा इंच, डोळे रेषेवरच ठेवून. दोन छोटे गोल वेगळे व्हायला लागतील. त्या दोन्ही गोलांमधली रेष एकाच उंचीवर पाहिजे. एका गोलात वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर ठेवून द्या आणि निघा, कितीही सुंदर असली तरी. डावी-उजवीकडचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात पण वर-खालीचा अजिबात नाही, कारण एक डोळा वर आणि एक खाली असं बघायची आपल्याला सोयच नाहीये. हीच तपासणी बिजागरी पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून परत करा. काही दुर्बिणी एका अंतरावर बरोबर असतात आणि दुसऱ्यावर बिघडतात. माझी निवडताना मी हेच बघितलं होतं, लेदरेटचा एक कोपरा उचललेला होता तरी तीच घेतली, आणि तास-तास बघूनही डोळ्यावर ताण नाही याचं सगळं श्रेय त्या एका तपासणीला.

त्यासोबत आयपीसचा पूल पण हलवून बघा. मधल्या चाकाने दोन्ही आयपीस एका पट्टीवर वरखाली होतात, ती पट्टी सैल झाली की एका डोळ्यावर जरा दाब आला की तिकडचा फोकस जातो. थोडं हलणं जुन्यात चालतं, चित्र बिघडेपर्यंत हलणं नाही.

आतलं बघायला मोबाइलचा टॉर्च पुढच्या भिंगातून मारा आणि आयपीसच्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण काही करत नाहीत, ते विसरून जा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर बुरशी, ती फार दिवस राहिली तर कोटिंग आणि काच दोन्ही खाते. सगळीकडे सारखा धूसर थर असेल तर बहुतेक जुन्या ग्रीसची वाफ बसलीये, ती निघते. पुढच्या भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी चट्टा किंवा पिवळट नक्षी दिसली तर दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटतोय, हे काम खर्चिक आणि कटकटीचं, एवढ्या छोट्या दुर्बिणीसाठी करण्यासारखं नाही. आणि दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा, आयपीसमध्ये दिसणाऱ्या उजेडाच्या चकत्या गोल आहेत का बघा. कडा करड्या होऊन चकती चौकोनी दिसली तर प्रिझमची काच साधी आहे, कामचलाऊ, नाकारण्याचं कारण नाही पण दोनातून एक निवडायची असेल तर गोलवाली.

चाक जड फिरत असेल तर जबरदस्ती करू नका. जुनं ग्रीस घट्ट होऊन गोंदासारखं झालेलं असतं, जोर लावला की चाकाचा बारीक आटा जातो आणि मग सुटा भाग कुठून आणणार. जाणत्या माणसाकडून उघडून, पुसून, नवीन हलकं ग्रीस लावून घ्यायचं. घरी स्वतः उघडायचा मोह होतो, पण प्रिझम एकदा जागचा हलला की पुढची भिंगं ज्या केंद्र बाजूला असलेल्या कड्यांमध्ये बसवलेली असतात त्या फिरवून कॉलिमेशन परत जुळवावं लागतं आणि ते बघण्यासाठी सामान आणि हात दोन्ही लागतात. बाहेरच्या काचेचं म्हणाल तर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि अगदीच गरज असेल तर लेन्सच्या कापडाला किंचित ओल करून. शर्टाच्या टोकाने कधीच नाही, जुनं कोटिंग आजच्याइतकं टणक नसतं आणि घासून घासून निघालेलं कोटिंग परत येत नाही.

चष्मेवाल्यांना मात्र मी ही घ्या असं म्हणणार नाही. आयपीसपासून डोळा फार जवळ ठेवावा लागतो, चष्मा मध्ये आला की कडेचं अर्धं चित्र कापलं जातं. फक्त जवळचं-लांबचं नंबरचं असेल तर चष्मा काढून बघता येतं, चाकाने तेवढं भरून निघतं, पण सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर ते चाकाने भरून निघत नाही. बोटं जाड असणाऱ्यांनी पण आधी हातात घेऊन बघावी, चाक खरंच छोटं आहे. मी तर्जनीच्या टोकाने चाक फिरवतो, अंगठे गालाच्या हाडावर टेकवतो आणि कोपरं फासळ्यांना चिकटवतो, एवढं केलं की चित्र अगदी गप्प बसतं. पहिल्यांदा वापरताना उजवा डोळा मिटून चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस लावायचा, मग डावा मिटून त्याच वस्तूवर उजव्या आयपीसची कडी फिरवायची, आणि ती खूण लक्षात ठेवायची, परत हात लावायला लागत नाही.

रात्री चंद्र बघा, अर्धा असताना, उजेड-अंधाराच्या सीमेवर मोठी विवरं छान उठून येतात. कृत्तिका नुसत्या डोळ्याला सहा-सात दिसतात त्या इथे ओंजळभर होतात. गुरूचे चंद्र भिंतीला टेकून धरलं तर टिपक्यासारखे सापडतात, हातात धरून नाही. याहून जास्त मागायचं असेल तर मोठं भिंग पाहिजे, ३० मिलिमीटरचं भिंग याच्या चौपट प्रकाश गोळा करतं, त्याला पर्याय नाही. सूर्याकडे चुकूनही नको, कोवळा असला तरी.

ठेवायचं कसं ते सांगून थांबतो. बरोबर आलेली चामड्याची केस कितीही देखणी असली तरी दुर्बीण तिच्यात बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेवढंच पाहिजे असतं. मी केस वेगळी ठेवलीये आणि दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करतो. पावसाळी हवेतून आत आणली की लगेच डब्यात नाही टाकायची, आधी उघड्यावर कोरडी होऊ द्यायची. जुना चामड्याचा पट्टा पण बदलून टाका, कडीपाशी तो आतून कुजलेला असतो आणि बाहेरून धड दिसतो, मनगटाला घालायची साधी नायलॉनची दोरी लावा.